मूल देऊन टाकतं तेव्हा: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी सुटायच्या वेळी दारात पालकांशी दोन-दोन मिनिटांची बोलणी होतात. त्यांत 'मारतो' आणि 'जेवत नाही' यांच्या खालोखाल येणारी तक्रार म्हणजे 'हा सगळं देऊन टाकतो', नाहीतर अगदी उलट, 'ही कुणाला हात लावू देत नाही'. खालचे प्रश्न त्या बोलण्यांतून साठलेले आहेत. उत्तरं देताना मी कधी बालवाडीतली ताई असते, कधी दोन मुलांची आई. दोघींचं प्रत्येक वेळी पटतंच असं नाही.

माझी दीड वर्षाची मुलगी स्वतःच्या तोंडातलं बिस्कीट काढून माझ्या तोंडात कोंबते. हे देणं म्हणायचं की नुसता खेळ?

खेळ तर आहेच, पण देणंही आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अठरा महिन्यांच्या मुलांसमोर एक गंमत केली. मोठा माणूस कपडे वाळत घालतोय, हातातून चिमटा पडतो, हात तिथवर पोचत नाही. बहुतेक मुलं कुणी काही न सांगता तुरुतुरु गेली आणि अशी पडलेली वस्तू उचलून दिली. तोच चिमटा त्याने मुद्दाम भिरकावला, तर मात्र सहसा कुणी उठलं नाही. म्हणजे समोरच्याला काय हवंय हे त्यांना कळत होतं.

पण कळण्याची ही पायरी नुकतीच चढलेली असते. बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गोपनिक यांनी १९९७ मध्ये मुलांसमोर ब्रोकोली आणि बिस्किटं ठेवली, ब्रोकोली खाऊन 'अहाहा' केलं, बिस्कीट खाऊन तोंड वाकडं केलं आणि हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या मुलांनी बहुतेक वेळा बिस्कीट दिलं, कारण त्यांना स्वतःला तेच आवडत होतं. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. अवघ्या चार महिन्यांत 'मला आवडतं ते' पासून 'तुला आवडतं ते' पर्यंतची मजल.

आणि त्यांना देताना आनंद होतो, चेहऱ्यावर दिसेल एवढा. लारा अकनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खाऊ दिला आणि तो एका बाहुल्याला द्यायला लावला. स्वतःला खाऊ मिळाला तेव्हापेक्षा बाहुल्याला देताना मुलं जास्त खुलली. त्यातही आयता सापडलेला तुकडा देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला काढून देताना जास्त.

तेव्हा ते ओलंचिंब, लाळेने मऊ झालेलं बिस्कीट खाऊन टाका. 'नको गं, तू खा' हे आपण मायेनेच म्हणतो, पण तिच्या बाजूने बघितलं तर तिने दिलं आणि तुम्ही घेतलं नाहीत. खाल्ल्यासारखं करून हळूच परत तिच्या हातात ठेवण्याची युक्तीही दीड वर्षानंतर फारशी चालत नाही. ती तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत असते, घास गिळला की नाही ते.

मग तीच मुलगी सहा महिन्यांनी 'माझं, माझं' करत किंचाळायला लागली. आमचं काही चुकलं का?

नाही. 'माझं' हा शब्द सापडल्याशिवाय 'तुला घे' याला अर्थ येत नाही. दोन ते तीन वर्षांच्या वयात मालकी म्हणजे काय हे मूल तपासून बघत असतं, आणि तपासायची त्याची रीत म्हणजे ओढाताण. थोडं थांबा.

मुलाने चांगलं, महागाचं खेळणं मित्राला देऊन टाकलं. परत मागायचं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि याचं उत्तर मी स्वतः चुकून शिकले आहे.

धाकटा चार वर्षांचा होता. त्याच्याकडे एक लाल बंब होता, शिडी वरखाली होणारा. घरी खेळायला आलेल्या मुलाला तो इतका आवडला, की जाताना धाकट्याने त्याच्या हातात ठेवला. मी स्वयंपाकघरात होते, मला रात्री खेळणी आवरताना कळलं. मी काय करावं? त्या मुलाच्या आईला फोन केला. फार गोड आवाजात, 'अगं, चुकून तुझ्याकडे आलाय वाटतं.' दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून बंब परत आला. पिशवी मी धाकट्यासमोरच उघडली, त्याला आनंद होईल म्हणून. त्याने बंब घेतला, कॉटखाली सरकवला आणि पुन्हा कधी बाहेर काढला नाही. त्यानंतर बरेच दिवस कुणाला काही द्यायचं असलं की आधी मला विचारायचा, 'आई, हे दिलं तर तू परत आणशील?'

'चुकून' हा शब्द माझा होता. त्याच्या हातून काहीच चुकून झालं नव्हतं.

आता कुणी विचारलं तर मी आधी दोन गोष्टी विचारते. पहिली, खेळणं एकट्या त्याचं होतं का? भावंडाचंही असेल तर त्याला ते देण्याचा हक्कच नव्हता, आणि तसं समोरच्यांना सरळ सांगून परत आणता येतं. दुसरी, 'दिलं' म्हणजे कायमचं, हे त्याला कळलं होतं का? तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनात 'खेळायला दिलं' आणि 'देऊन टाकलं' या दोन वेगळ्या गोष्टी असतातच असं नाही. म्हणून मूल देत असेल तेव्हाच, तिथल्या तिथे, शांतपणे विचारायचं: 'आज खेळायला देतोयस, की आता हे त्याचंच?' बस, एवढंच. 'नीट विचार कर हं' हे शेपूट लावायचं नाही, कारण त्या सुरातच आपलं उत्तर असतं.

त्याचं होतं, त्याला कळत होतं, त्याने दिलं. मग गेलं. किंमत आपल्याला टोचते कारण ती आपण मोजली होती. त्याच्या लेखी बंबाची किंमत म्हणजे ती शिडी. हां, आणि तसंच दुसरं आणून द्यायचंही नाही. जागा लगेच भरून निघाली तर त्याने दिलं काय?

खरंच देऊन चालणार नाही अशा वस्तू असतील, म्हणजे आजोबांनी स्वतः केलेली लाकडी गाडी वगैरे, तर त्या 'घरच्या' आहेत हे आधीच सांगून ठेवावं. ऐन वेळी नियम काढणं हा पोरखेळ झाला, आणि तो आपला.

ती माझ्याच वस्तू वाटते! परवा माझी कानातली शेजारच्या मुलीला देऊन आली.

आयजीच्या जिवावर बायजी उदार! इथे मात्र कौतुक नको. 'तुला तिला काहीतरी द्यावंसं वाटलं ते कळलं. पण ही माझी आहेत. चल, आपण दोघी जाऊन घेऊन येऊ. तुझं काय देता येईल ते बघ.' तिला बरोबर न्यायचं. एकट्याने जाऊन आणलीत तर तुमची कानातली परत येतील, पण तिला काही कळणार नाही.

आणि आम्ही तिची जुनी खेळणी काढून कुणाला दिली तर? खेळत तर नाही ती त्यांच्याशी.

हे तर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. तिला विचारा. 'नाही' म्हणाली तर राहू द्या खोकं आणखी दोन महिने. घरातला पसारा आवरणं हे वेगळं काम आहे, त्याला दातृत्वाचं नाव कशाला?

दिल्याबद्दल शाबासकी किती द्यावी? बक्षीस चालेल का?

बक्षीस नको. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर हेच पाहिलं. मदत केल्यावर ज्यांना दर वेळी खेळणं मिळत गेलं, ती मुलं पुढच्या वेळी, बक्षीस नसताना, कमी मदतीला आली. ज्यांना नुसतं कौतुक मिळालं किंवा काहीच मिळालं नाही, ती मात्र येत राहिली. त्याआधी, १९७३ साली, मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चित्रं काढण्याच्या बाबतीत असंच आढळलं होतं: चित्र काढल्यावर प्रमाणपत्र मिळणार हे आधीच सांगितलेली मुलं नंतर आपणहून रंगीत पेनांकडे कमी वळली. जे मूल मुळात हौसेने करत होतं, त्याची मजुरी ठरली की हौस बाजूला पडते.

कौतुकाचं गणित नाजूक आहे. टाळ्या, फोटो, रात्री आजीला फोन करून 'अगं, आज काय केलं माहितीये का' हे दोनदा-तीनदा झालं की मूल देताना समोरच्याकडे न बघता तुमच्याकडे बघायला लागतं. बालवाडीत हे मला लांबूनही ओळखू येतं. हात मित्राच्या दिशेला असतो आणि मान दाराकडे.

त्यापेक्षा त्याचं लक्ष घेणाऱ्याकडे वळवा. 'बघ, किती हसली ती.' 'मघापासून रडत होता, थांबला की नाही?' सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचं असं निरीक्षण मांडलं, की जे आईबाप पुस्तक वाचताना 'याला कसं वाटत असेल?' असं मुलांनाच विचारतात, मुलांनाच बोलतं करतात, त्यांची मुलं वाटून घेण्यात आणि मदतीला धावण्यात पुढे असतात. कसं वाटतं हे मुलाने बोलावं, आईने बोलून दाखवू नये, यात खरी मेख आहे.

'तू किती उदार आहेस' असं म्हणावं का?

आठ वर्षांच्या आसपास म्हणून बघा. जोन ग्रुसेक आणि एरिका रेडलर यांनी १९८० मध्ये दाखवलं, की त्या वयाच्या मुलांना 'तुला मदत करायला आवडतं' असं सांगितलं तर ती पुढेही तशी वागतात. पाच वर्षांच्या मुलांत हा फरक दिसला नाही. लहानग्यांच्या बाबतीत उलटाही धोका आहे: चार-पाच वर्षांच्या मुलांना 'तू मदत करणारा हो' असं सांगून पाठवलं आणि हातून काही सांडलं, मोडलं, तर ती मदतीच्या पुढच्या कामाला कचरतात, असं २०१८ मधल्या एका अभ्यासात आढळलं. 'मदत कर' एवढंच सांगितलेली मुलं तितकी बिचकली नाहीत. बिरुद लावलं की ते सांभाळायचं ओझंही येतं.

पाहुण्यांची मुलं आली की आमचा मुलगा खेळणी मिठी मारून बसतो. सरळ काढून द्यायची का?

लाज वाटते ना? वाटते. मलाही वाटायची. पण ती आपली लाज आहे आणि ती झाकायला आपण त्याच्या हातातली गाडी ओढतो. यातून मूल एवढंच शिकतं की मोठ्याचा हात आपल्यापेक्षा जड असतो.

नादिया चेर्न्याक आणि तमार कुश्निर यांनी २०१३ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुला दाखवला आणि प्रत्येकाला एक स्टिकर दिला. काहींना सांगितलं, 'हा त्याला द्यायचाय.' काहींना विचारलं, 'त्याला देतोस की तुझ्याकडे ठेवतोस?' मग दुसरा बाहुला आला आणि मुलांकडे आणखी स्टिकर आले. आधी ज्यांनी खरोखर निवड केली होती, म्हणजे ठेवता येत असूनही दिला होता, त्यांनी या वेळी जास्त वाटले. सक्तीने दिलेल्यांनी कमी.

व्यवहारात याचा उपयोग असा. पाहुणे यायच्या आधी त्यालाच विचारा: 'यातली कुठली खेळणी कपाटात ठेवायची?' ठेवू द्या चार-पाच. बाहेर उरलेली सगळ्यांची. आवडती गाडी सुरक्षित आहे म्हटल्यावर मिठी आपोआप सैल होते. बरेचदा, सगळ्या वेळा नव्हे, थोड्या वेळाने तोच कपाट उघडून ती गाडी दाखवायला आणतो.

पण त्याला माहीत आहे की वाटून घ्यावं! विचारलं तर बरोबर सांगतो, करत मात्र नाही.

आपलंही बरंच काही असंच असतं. क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी २०१३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर देऊन हेच विचारलं. अगदी लहानांनीही 'निम्मे-निम्मे करायला हवेत' असंच सांगितलं, आणि जास्त स्वतःकडे ठेवले. विशेष म्हणजे आपण असं करणार हे त्यांनी आधीच प्रामाणिकपणे सांगितलंही होतं. बोलणं आणि करणं सात-आठ वर्षांच्या सुमारास जुळायला लागलं. त्याआधी, २००८ मध्ये, अर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनाही हेच वय सापडलं होतं: तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं स्वतःचं बघत होती, सात-आठची बहुतेक समान वाटणी पसंत करत होती.

तेव्हा चार वर्षांच्या मुलाला ढोंगी, चिक्कू वगैरे म्हणू नका. एक मात्र करता येतं. तीन वर्षांची मुलंसुद्धा बरोबरीने, मिळून काही मिळवलं की ते सहज सारखं वाटून घेतात. तेव्हा वाटणीचा उपदेश करण्याआधी दोघांना मिळून एखादं काम द्या.

मोठीला सांगतो, 'तू मोठी आहेस ना, दे त्याला.' ती देते. मग प्रश्न काय?

प्रश्न हा की ती देते.

रडून भांडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मुकाट्याने देणाऱ्या मुलीकडे कुणी बघत नाही. उलट तिच्या शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या जातात. माझ्या मोठीबद्दल मीही सांगत असे. एकदा तिच्या हातात खडूंची नवी पेटी होती आणि धाकटा रांगत तिच्याकडे निघाला. मी काही बोलायच्या आधीच तिने पेटी जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. पाच वर्षांची होती. ते बघून माझ्या पोटात गलबललं.

हे औदार्य नाही, ही भीड आहे, आणि भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात ते उगाच नाही. 'मोठी आहेस' हे देण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण ती कायमच मोठी राहणार. त्यापेक्षा: 'तुझं रंगवून होईपर्यंत पेटी तुझी. झालं की त्याला सांग.' धाकटा रडेल. त्याला कडेवर घेऊन बसायचं काम आपलं आहे, तिचं नाही.

शाळेत आमच्या मुलाकडून सगळे वस्तू मागून नेतात. रोज एक खोडरबर कमी. तो देतो म्हणून नेतात की तो घाबरतो?

नुसत्या हरवलेल्या वस्तूंवरून कळणार नाही. तो ते सांगतो कसं, ते ऐका. आवडीने दिलेल्या वस्तूची गोष्ट असते: 'त्याचा तुटला ना, मग मी माझा अर्धा तोडून दिला, पण मला मोठा अर्धा राहिला.' भीतीने दिलेल्या वस्तूची गोष्ट नसते. 'हरवला' एवढंच उत्तर मिळतं आणि मान खाली. घेणारं मूल रोज एकच असणं, 'नाही दिलं तर खेळायला घेत नाहीत' असं वाक्य येणं, सकाळी दप्तर भरताना एखादी वस्तू मुद्दाम घरी ठेवणं, या खुणा दिसल्या तर शिक्षकांशी बोला. मुलाला 'बावळट आहेस, सगळे फसवतात' असं मात्र म्हणू नका. बाहेर एकाने घेतलं, घरी दुसऱ्याने टोचलं.

घरी 'नाही' म्हणायचा सराव करा, खेळ म्हणून. तुम्ही मागा, तो नाही म्हणेल. मग आणखी लाडीगोडी लावून मागा. आमच्याकडे हा खेळ हसून लोळण्यापर्यंत जायचा. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याच्याच 'घे' ला काही अर्थ असतो.

देऊन झाल्यावर रात्री रडला. 'दिलंस ना आपणहून, मग आता कशाला?' असं म्हणालो. बरोबर?

दिलं म्हणूनच रडला. 'आठवण येतेय ना गाडीची?' म्हणा आणि जवळ घ्या. परत आणून देऊ म्हणू नका, शिकवूही नका. वाईट वाटूनही दिलेलं राहू शकतं, हे त्याला पुढे कधीतरी उमगेल.

आम्ही बघून मुलं शिकतात म्हणतात. कितपत खरं?

बरंच. जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी १९७० मध्ये मुलांना अशी मोठी माणसं दाखवली जी बोलायची एक आणि करायची दुसरंच. मुलांनी दिलं किती, हे त्या माणसाने काय केलं त्यावर ठरलं. त्याच्या बोलण्याचा परिणाम झाला तो मुलांच्या बोलण्यावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही जात मुलांत तयार कशी होते त्याची कृतीच म्हणा ना.

फक्त मुलासमोर मुद्दाम देऊन दाखवण्याचं नाटक नको. ते त्यांना आपल्या आधी कळतं.

तो मला रोज दगड, पानं, बाटल्यांची झाकणं आणून देतो. हे सगळं किती दिवस ठेवायचं?

पानं वाळली की टाका, त्याला सांगून. झाकणं आठवड्याने कमी होत गेली तर सहसा लक्षात येत नाही. दगडांचं मात्र जपून. माझ्या पर्समध्ये एक राखाडी, एका बाजूने चपटा दगड सात-आठ महिने होता. सुट्टे पैसे काढताना रोज बोटाला लागायचा. एकदा पर्स बदलताना तो मी कुंडीत टाकला. त्याच संध्याकाळी धाकट्याने नव्या पर्समध्ये हात घालून विचारलं, 'माझा दगड कुठाय?' आम्ही दोघं टॉर्च घेऊन कुंडीत शोधत बसलो. सापडला. आता तो नव्या पर्समध्ये आहे.